पाच लेखने, एक खतावणी : मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांना

मुलांसाठी लिहू लागल्याला दोन-तीन वर्षे झाली की बहुतेकांच्या खणात सारख्याच गोष्टी सापडतात : निम्म्यावर थांबलेली कुमार कादंबरी, चित्रपुस्तकाचा तिसऱ्यांदा खोडलेला मजकूर, पाकिटांच्या पाठीवर उतरवलेल्या दहा-बारा कविता, एखाद्या दिवाळी अंकाला कबूल केलेली कथा आणि उत्साहाच्या भरात हाती घेतलेला एखादा अनुवाद. यांपैकी कोणतेच काम फार मोठे नसते, तरीही एकही हातावेगळे होत नाही. याचा उलगडा मला माझ्या नोकरीमुळे झाला. मी बडोद्यात अलकापुरीतील एका कार्यालयात हिशेब सांभाळते आणि पहाटे दांडिया बाजारातील घरी लिहिते. हिशेबात पन्नास खाती एकाच वेळी चालू असतात, पण कोणत्या खात्यावर आज काय नोंदवायचे आणि कोणते खाते नुसते पडून राहू द्यायचे हे ठरलेले असल्यामुळे त्यांची सरमिसळ होत नाही. लेखनात मात्र आपण पाचही कामे एकाच अवस्थेत, म्हणजे अर्ध्या लिहिलेल्या खर्ड्याच्या अवस्थेत ठेवतो आणि रोज सकाळी कोणते उघडावे या विचारातच अर्धा तास घालवतो. पाच कामे पाच वेगवेगळ्या अवस्थांत असली, तर नोकरी आणि घर सांभाळूनही ती चालवता येतात. पुढची सगळी पद्धत एवढ्याच अनुभवावर आधारलेली आहे.

आधी मोजदाद

रविवारची एक दुपार राखून ठेवावी आणि सगळ्या वह्या, सुटे कागद, मोबाइलमधील टिपणे व संगणकावरील फायली एकत्र काढाव्यात. त्यांच्यासाठी एक जाड वही करावी. मी दिवाळीपूर्वी मांडवीच्या आसपास मिळणारी लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही वापरते; गुजरातीत तिला चोपडो म्हणतात. साधी फुलस्केप वहीही चालते, परंतु तिची पाने फाडता येऊ नयेत. वहीच्या पुढच्या भागात तारखेनिशी सगळ्या कल्पना एकापाठोपाठ लिहाव्यात, ती झाली रोजकीर्द. मागच्या भागात प्रत्येक कामाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत, ती झाली खतावणी. कल्पना आधी रोजकीर्दीतच जावी. तिला खतावणीत पान मिळण्यापूर्वी किमान एक महिना लोटू द्यावा, कारण नवी कल्पना नेमकी जुन्या कादंबरीच्या सातव्या-आठव्या प्रकरणाशी हात अडला म्हणजेच सुचते, आणि तिची बरीचशी गोडी त्या अडलेल्या प्रकरणापासून सुटका होण्याची असते.

खतावणीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर चार नोंदी असाव्यात : कामाचे नाव, वाचकाचे वय, कामाची अवस्था आणि पुढचे पाऊल कोणी उचलायचे आहे. वयाच्या रकान्यात ‘मुलांसाठी’ असे मोघम लिहू नये. चार ते सहा, सात ते नऊ, दहा ते तेरा असा आकडा लिहिताच कित्येक अडचणी तिथल्या तिथे दिसू लागतात. पुढचे पाऊल माझे आहे, संपादकांचे आहे, चित्रकाराचे आहे की खर्डा वाचायला घेतलेल्या मुलाचे आहे, हे लिहिले की निम्म्या कामांची टोचणी कमी होते, कारण ती आपल्याकडे नाहीतच असे ध्यानात येते.

अवस्था मी सहा मानते : टिपण, कच्चा खर्डा, मुरत ठेवलेले, पुनर्लेखन, बाहेर पाठवलेले आणि छपाईत असलेले. यांपैकी कच्च्या खर्ड्यात एका वेळी एकच काम असावे आणि पुनर्लेखनातही एकच. उरलेल्या चार अवस्थांत कितीही कामे असली तरी बिघडत नाही. कच्चा खर्डा चालू असताना अजून न लिहिलेले सगळे जग डोक्यात वागवावे लागते; कोणत्या गल्लीत कोणाचे घर आहे, कोणाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, हे कागदावर नसून मनात असते. असे दोन खर्डे एकत्र वागवू म्हणणाऱ्याचे दोन्ही सांडतात. पुनर्लेखनात सगळे जग कागदावर उतरलेले असल्यामुळे ते काम खर्ड्याच्या सोबतीने निभते.

उदाहरण म्हणून माझ्याच वहीतील एका जूनची स्थिती सांगते. विश्वामित्री नदीतील मगरीवरचे चित्रपुस्तक, वय पाच ते सात, पुनर्लेखनात होते. मांडवीच्या परिसरात घडणारी तीन मुलांची कादंबरी, वय दहा ते तेरा, कच्च्या खर्ड्यात होती. दिवाळी अंकासाठीची कथा बाहेर गेली होती. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या कविता टिपणांच्या अवस्थेत होत्या आणि गिजुभाई बधेका यांच्या काही गुजराती बालकथांचे मराठी रूप मुरत पडले होते. म्हणायला पाच कामे होती, पण रोज सकाळी उघडायच्या फायली दोनच होत्या.

मुरत ठेवण्याची रीत

मुरत ठेवणे आणि अडगळीत टाकणे यांत फरक आहे. लोणच्याची बरणी दादरा बांधून, तारीख लक्षात ठेवून फळीवर ठेवतात. तसा खर्डाही उघडण्याची तारीख लिहूनच ठेवावा. इथे मला बडोद्याची जुनी फिरती ग्रंथालये आठवतात. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा खेड्यांकडे पुस्तके लाकडी पेट्यांत भरून पाठवली जात. पेटी गावात राही, मुदतीनंतर परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. मुरत ठेवलेल्या प्रत्येक कामाची मी अशीच एक पेटी करते. खर्ड्याची छापील प्रत, संदर्भाची टिपणे आणि पहिल्याच कागदावर ‘हे पुन्हा उघडशील तेव्हा प्रथम काय करायचे’ ही एक सूचना, असे सगळे एका पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घालून त्यावर परतीची तारीख लिहिते. माझ्या अंदाजाप्रमाणे कवितेला आठवडा, चित्रपुस्तकाच्या मजकुराला महिना आणि कादंबरीला दोन महिने पुरतात. तारखेपूर्वी पेटी उघडायची नाही, हे सर्वांत अवघड पथ्य आहे.

या विश्रांतीचा उपयोग मला मगरीच्या गोष्टीत झाला. बडोद्यात विश्वामित्रीच्या मगरींबद्दल घराघरात बोलले जाते आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या, तेव्हा तर मुलांना दुसरा विषय नव्हता. माझ्या पहिल्या खर्ड्यात पुराचे पाणी चढत असताना मगरीण अंड्यांची राखण करते असा प्रसंग होता आणि तो लिहिताना मला फार आवडला होता. महिन्याने फोल्डर उघडले, तेव्हा शेजारच्याच टिपणातील ओळ दिसली : मगरीण पावसाळ्याच्या बऱ्याच आधी काठाच्या मातीत अंडी घालते, आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर येतात. ऑगस्टमध्ये अंडी असूच शकत नव्हती. प्रसंग गेला, पण त्याच टिपणात होते की मगरीण नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. आज पुस्तकाचा मध्य त्या एका कृतीवर आहे. पाच वर्षांच्या मुलाला जबड्याची भीती आणि आईची माया एकाच चित्रात दिसते, हे मी लिहून दाखवण्याची गरजच उरली नाही.

वयाचे अंतर राखावे

जोडीने चालणारी दोन कामे कोणती असावीत, हा प्रश्न प्रौढांसाठी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्याला अधिक जाचतो. आठ ते दहा वयासाठीची कथा आणि दहा ते तेरा वयासाठीची कादंबरी मी एका वर्षी शेजारी शेजारी लिहिल्या. दोन्हींत हट्टी आजी आली, दोन्हींतील मुलगी एकाच तऱ्हेने उलट उत्तरे देऊ लागली आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी पतंगाचा मांजा गच्चीवरच्या अँटेनाच्या काडीला अडकण्याचा विनोद दोन्हींत जसाच्या तसा उतरला. कथा पाठवून झाल्यावर हे लक्षात आले आणि कादंबरीचे एक आख्खे प्रकरण काढावे लागले. तेव्हापासून खर्डा आणि पुनर्लेखन यांच्या वाचकांत किमान चार वर्षांचे अंतर ठेवते. तसे जमत नसेल तर एक काम गद्य व दुसरे पद्य घेते. पद्याचा कान वेगळा असल्यामुळे ते गद्यात पाझरत नाही.

वयाचे अंतर राखले तरी एका कामातून दुसऱ्यात जाताना भाषा बदलावी लागते आणि ती आपोआप बदलत नाही. नुकतेच वाचू लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरे मोजून वापरावी लागतात, वाक्यात एकच क्रिया ठेवावी लागते आणि ‘त्यामुळे’, ‘तथापि’ असे सांधे टाळून गोष्टीच्या क्रमातूनच कारण कळू द्यावे लागते. दहा वर्षांच्या मुलाला हेच वाक्य बाळबोध वाटते आणि पुस्तक बाजूला पडते. म्हणून काम बदलताना दहा मिनिटे त्या वयाचे काहीतरी मोठ्याने वाचावे. लहानांसाठी मी बडबडगीते म्हणते. मोठ्यांसाठी ‘किशोर’चे जुने अंक उपयोगी पडतात, बालभारतीने हे मासिक १९७१ मध्ये सुरू केले आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला ठेवले आहेत. कोणत्या वयाला केवढे वाक्य पेलते, याचा अंदाज त्या पानांवरून जितका येतो तितका कोणत्याही नियमावरून येत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर गोष्टींच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंतचा मजकूर येतो, तर चौथीत १५०० च्या पुढचा. आपले काम कोणत्या पातळीचे आहे हे खतावणीत वयाशेजारी लिहून ठेवणे सोयीचे जाते.

चित्रपुस्तकाचा मजकूर पाचशे शब्दांचा असतो म्हणून ते ‘मधल्या वेळेत उरकण्याचे’ काम आहे, असा समज प्रत्येक नवख्याचा असतो आणि माझाही होता. छपाईचा कागद सोळा पानांच्या फर्म्यांत दुमडला जात असल्याने अशी पुस्तके बहुधा ३२ पानांची असतात. त्यांतील शीर्षक, प्रकाशनाची माहिती वगैरे वजा करता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या मिळतात. ए-फोर आकाराचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानांची नमुना-वही तयार होते. मजकूर कापून त्यात चिकटवावा आणि पान उलटताना पुढे काय येईल याची उत्सुकता कुठे लागते व कुठे लागत नाही ते पाहावे. चित्रात दिसणार असलेले प्रत्येक विशेषण खोडावे. माझ्या मगरीच्या गोष्टीचा मजकूर ८१० शब्दांवरून ३९० वर आला आणि त्याला पुनर्लेखनाच्या अकरा बैठका लागल्या. खतावणीत अशा कामाला कादंबरीइतकेच वजन द्यावे.

चित्रकाराबद्दलही इथेच सांगितले पाहिजे. सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेमुळे बडोद्यात चांगल्या हाताची तरुण मंडळी पावलोपावली भेटतात, आणि ‘तू चित्रे काढ, मी गोष्ट लिहिते’ असे चहाच्या टपरीवर सहज ठरते. मग त्यांच्या परीक्षा येतात, आपले काम थांबते आणि मैत्रीत अवघडलेपण येते. बहुतेक प्रकाशक चित्रकार स्वतःच निवडतात. त्यामुळे केवळ मजकूर पूर्ण करून पाठवावा आणि चित्रांसाठी काम अडवून ठेवू नये.

दिवसाची वाटणी

सोमवार कादंबरीचा, मंगळवार कवितांचा, अशी वाटणी कागदावर फार देखणी दिसते. मी ती तीन महिने पाळली आणि दर सोमवारी मागच्या सोमवारी काय लिहिले होते ते आठवण्यातच वेळ गेला. वार कामांना वाटण्याऐवजी दिवसातील वेळ कामाच्या प्रकारांना वाटावी. डोके ताजे असते ती वेळ खर्ड्याची. माझ्याकडे ती पहाटे साडेपाच ते पावणेसात आहे आणि तेव्हा चालू खर्ड्याखेरीज कोणतीही फाईल उघडत नाही. पुनर्लेखन दुपारच्या सुटीत छापील प्रतीवर पेन्सिलीने होते. रात्री डोके थकलेले असते, तेव्हा शुद्धलेखन तपासणे, पत्रे लिहिणे, नोंदी भरणे अशी कामे घ्यावीत. कविता मात्र कोणत्याच वेळेला बांधू नये. ती स्कूटरवर, सिग्नलला, भाजी निवडताना म्हणून पाहावी आणि घरी येईपर्यंत लक्षात राहिली तरच उतरवावी. न राहिलेली ओळ मुलांच्याही लक्षात राहणार नव्हती.

खर्ड्याची बैठक संपवताना शेवटचे वाक्य मुद्दाम अर्धे ठेवून त्याखाली ‘उद्याची ओळ’ लिहावी : उद्या कोण कोठे जाणार आहे आणि काय बिघडणार आहे, एवढेच. मध्ये चार दिवस पाहुणे आले तरी त्या ओळीच्या आधाराने पुन्हा सुरुवात करता येते. गती किती असावी याचाही हिशेब आधीच करावा. आठवड्यातून पाच दिवस तीनशे शब्द म्हणजे आठवड्याला दीड हजार. पंचवीस हजार शब्दांच्या कुमार कादंबरीला सुमारे सतरा आठवडे लागतात. हा आकडा पाहिला की ‘सुटीत कादंबरी लिहून टाकू’ असे म्हणवत नाही, आणि खर्ड्याची जागा चार महिने अडलेली राहणार हे समजल्यामुळे त्या काळात दुसरी कथा कबूल करताना जीभ आवरते.

वर्षाची मांडणी

मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्याचे वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरते. अंकांचे साहित्य बहुधा मे ते जुलै या काळात मागवले जाते, म्हणून कथेचा खर्डा फाल्गुनाच्या आत व्हावा म्हणजे तिला मुरायला उन्हाळा मिळतो. माझ्यासारख्या हिशेबनिसाला मार्च महिना मोजायचाच नसतो. त्यामुळे माझी दिवाळीची कथा उत्तरायणाचा मांजा आवरून झाला की सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर मुरत पडते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कार्यालयाचे वर्ष बंद झाले की घरचीही खतावणी नव्याने मांडते. मे महिन्यात मुले मोकळी असतात, तेव्हा वाचून दाखवण्याची कामे काढावीत. पावसाळा कादंबरीला चांगला. गणपतीत आणि नवरात्रात बडोद्यात कोणाकडून काही लिहून होईल अशी अपेक्षा धरू नये. नऊ रात्री गरबा झाल्यावर पहाटे साडेपाचला उठणारे कोणी असेल तर त्याला माझा नमस्कार. ते दिवस मुरवणीत धरावेत, म्हणजे वाया गेल्याची रुखरुख राहत नाही.

पुरावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. वह्या तळमजल्यावरच्या खालच्या फळीवर ठेवू नयेत. माझ्या दोन वर्षांच्या कवितांची वही त्या ऑगस्टमध्ये भिजली आणि शाईच्या पेनाने लिहिलेली पाने निळ्या डागांखेरीज काही सांगेनात. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढते. संगणकावरील फाईलला ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ अशी नावे न देता कामाचे नाव, अवस्था आणि तारीख द्यावी. मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. जुन्या फॉन्टमधील फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की तिची चिन्हांची रांगोळी होते आणि संपादक ती सोडवत बसत नाहीत.

वाचणारी मुले

प्रत्येक कामाला निदान चार मुलांचे कान लाभले पाहिजेत, पण सगळी कामे त्याच चार मुलांना ऐकवू नयेत. ती लवकरच आपल्या मर्जीची उत्तरे द्यायला शिकतात. खतावणीत कोणती गोष्ट कोणत्या मुलांना कधी ऐकवली याची नोंद ठेवावी. बडोद्यातील मराठी घरांतली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी अस्खलित बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यामुळे त्यांनी स्वतः वाचलेल्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. गोष्ट नीरस होती की जोडाक्षर अवघड होते, ते कळत नाही. आधी आपण वाचून दाखवावे, आठवड्याने त्यांना वाचायला द्यावे आणि दोन्ही वेळा ती कुठे थांबली त्याच्या खुणा वेगवेगळ्या रंगांनी कराव्यात. ‘आवडली का?’ असे कधीही विचारू नये. ‘मग काय झालं, सांग बघू’ असे म्हणावे. मूल जो प्रसंग गाळते तो बहुधा गाळण्यासारखाच असतो.

दोन भाषांत वाढलेल्या या मुलांमुळे अनुवादाचेही काम तपासून मिळते. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामटेकडा, हातात काम नसलेला. एका गोष्टीतील ‘नवरो बेठेलो’ माणूस मी घाईत ‘नवरा’ असाच ठेवला होता. ऐकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीने ‘मग त्याची बायको कुठंय?’ असे विचारले, तेव्हा चूक उमगली. दोन जवळच्या भाषांतील अनुवाद खर्डा चालू असताना विश्रांतीसाठी करावा असे वाटते, पण तो चालू खर्ड्याच्या भाषेत शिरतो. म्हणून त्यालाही पुनर्लेखनाची जागा रिकामी झाली तरच हात लावावा.

बाहेर गेलेली कामे

या अवस्थेत लेखकाला करण्यासारखे काही नसते, म्हणूनच इथे सर्वाधिक घोटाळे होतात. मी एकदा एक कथा एका अंकाला पाठवली, चार महिने उत्तर आले नाही म्हणून विसरले आणि नाव बदलून दुसरीकडे पाठवली. दोन्हीकडून होकार आला. एका संपादकांना नकार कळवताना जी शरम वाटली, तिच्यामुळे खतावणीच्या शेवटी जावक-नोंद सुरू झाली : कामाचे नाव, कोठे पाठवले, कधी पाठवले, विचारणा करण्याची तारीख, उत्तर आणि दिलेले हक्क. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी असावी. तीन महिन्यांनी एक विनम्र विचारणा करावी आणि पुढच्या महिन्यातही उत्तर न आल्यास कथा मागे घेत असल्याचे लेखी कळवून मगच दुसरीकडे पाठवावी.

हक्कांचा रकाना हौशी लेखक रिकामा ठेवतात आणि पुढे पस्तावतात. अनेक कामे चालू असली की कोणती कथा कोणाला किती काळासाठी दिली आहे हे तोंडपाठ राहत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत मानला जातो. करारात ‘सर्व हक्क, कायमचे’ असे असेल तर त्याच कथेचे पुढे चित्रपुस्तक करता येणार नाही, हे सही करण्याआधी पाहावे. मुक्त परवान्याच्या मंचावर टाकलेली गोष्ट इतरांना घेता, बदलता येते आणि तो परवाना मागे घेता येत नाही. सरावाच्या गोष्टी तिथे जरूर द्याव्यात, पण ज्या कामासाठी प्रकाशक शोधायचा आहे ते देऊ नये. अनुवादाच्या पानावर मूळ लेखकाच्या मृत्यूचे वर्ष लिहून ठेवते. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. गिजुभाई १९३९ मध्ये गेले, म्हणून त्यांचे मूळ गुजराती लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. परंतु अलीकडे कोणी केलेल्या त्याच्या रूपांतरावर त्या रूपांतरकाराचा हक्क असतो, तेव्हा काम मुळावरूनच करावे. मूळ लेखक हयात असतील तर पहिले पान अनुवादण्याच्या आधीच परवानगीचे पत्र पाठवावे. माझ्या परिचयातील एकाने आख्खी कादंबरी मराठीत आणून मग परवानगी मागितली, आणि ती आधीच दुसऱ्या कोणाला दिलेली निघाली.

सहा महिने ज्या पानावर एकही नोंद झाली नाही ते पान एप्रिलच्या मांडणीत वेगळे काढावे आणि त्याखाली पुढचे पाऊल एका वाक्यात लिहून पाहावे. ‘दुसऱ्या प्रकरणातील शाळेचा प्रसंग आजीच्या नजरेने लिहिणे’ असे नेमके वाक्य लिहिता आले तर काम जिवंत आहे. ‘पुढे लिहिणे’ एवढेच सुचले तर लाल शाईने दुहेरी रेघ ओढून खाते बंद करावे. बंद खात्यातील माल जप्त होत नाही. बंद केलेल्या एका कादंबरीतील ग्रंथालयाच्या काचेच्या फरशीवरून चालायला घाबरणारा मुलगा, म्हणजे मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील त्या लोखंडी मांडण्यांमधल्या फरशीवरून, पुढे माझ्या सर्वांत बऱ्या वठलेल्या कथेत आला.

छपाईत गेलेल्या कामाची मुद्रिते, म्हणजे चुका तपासण्यासाठी येणारी छापील पाने, मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता येतात आणि ती बहुधा तीन दिवसांत परत हवी असतात. त्यांना सगळ्यांच्या आधी जागा द्यावी, पहाटेची वेळसुद्धा द्यावी, कारण मुलांच्या पुस्तकातील चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ मुले तसेच गिरवतात. तेवढे दिवस कच्चा खर्डा थांबला तरी चालते. फक्त त्याच्या पानावर उद्याची ओळ लिहून मगच मुद्रितांचे पाकीट फोडावे.